आयोला न गेलेलं यान

मित्रांनो, मी कधीच न उडालेल्या यानाचा एक जुना नमुना आहे. हातभर लांब, ॲल्युमिनियमचा. गुरू ग्रहाचा आयो नावाचा एक चंद्र आहे, त्याच्यावर ज्वालामुखी सतत धगधगत असतात. ते जवळून पाहायला यान पाठवावं, असा प्रस्ताव पार्ल्याच्या शर्मिष्ठाताईंनी नऊ वर्षं खपून तयार केला. निवड समितीला दाखवायला मी हवा होतो.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात झाला. मला घडवलं लवूकाकांनी. तळकोकणातले, तरुणपणी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर लेथवर आले. माझ्या पोटातली, कुणालाच न दिसणारी बाजूही ते घासत बसले. तिथे कोण बघणार आहे, असं ताईंनी विचारलं, तर म्हणाले, "आयोवर कोण आसा, ता तुका तरी म्हायत हा काय?"

समितीत माझं फार कौतुक झालं. मीही फुगलो. सहा महिन्यांनी नकार आला.

ताईंनी मला जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर टाकलं. तिसऱ्या दिवशी निकाल विचारायला लवूकाकांचा फोन आला. ताईंची जीभच रेटेना. "अजून काही कळलं नाही, काका," त्या म्हणाल्या. पुढच्या फोनलाही तेच. मग साकीनाक्याला जाणंच त्यांनी सोडलं. मला त्यांचा भयंकर राग यायचा, पण माझं ऐकतो कोण!

दोन वर्षांनी काका गेल्याचं कळलं. ताई मला घेऊन असल्फ्याला त्यांच्या घरी गेल्या. त्यांच्या बायकोने, जानकीकाकूंनी, मला मांडीवर घेतलं.

"बाय, निकाल लागलो काय गो? देवाक सांगान ह्येंनी मासे सोडलेले, निकाल लागापर्यंत. शेवटपर्यंत खाल्ल्यानी नाय."

ताईंना रडू आवरेना. निकाल केव्हाच लागला होता, आपल्याला सांगायची लाज वाटली, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. काकूंनी मला पदराने पुसलं आणि ताईंच्या हातात परत दिलं.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तरी चालेल. पण तुमच्या निकालाची कुणी वाट बघत असेल, तर त्याला नकारसुद्धा लगेच कळवा. त्या दिवशी ताई फोनवर खरं बोलल्या असत्या, तर लवूकाका समितीला चार शिव्या घालून, संध्याकाळी बांगडे घेऊन घरी गेले असते.