आईतवारची कापडं

आईतवार खंडोबाचा. आठवडाभर मेंढरांमागं धारूरच्या डोंगरात हिंडणारा सटवा त्या दिवशी ऊन पाण्यानं अंघोळ करायचा, पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा नेहरू शर्ट आणि गुलाबी पटका घालायचा, कपाळाला भंडारा लावून देवाला जायचा. देवळापुढच्या लिंबाखाली चार माणसांत बसून चहा प्यायचा. त्या दिवसापुरता कळप त्याचा पोरगा रामेश्वर सांभाळायचा.

या उन्हाळ्यात रामेश्वर चाकणला कंपनीत लागला. बायको-लेकरं घेऊन गेला. पुढचा आईतवार उजाडला तेव्हा सत्यभामेनं सवयीनं नवऱ्याची कापडं खाटेवर काढून ठेवली, आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"आज कुठं जाताव तुमी," असं म्हणत ती कापडं उचलायला वाकली.

"राहू दे," सटवा म्हणाला. "घालतो."

"मेंढरांमागं ही कापडं? बोराटीत फाटतील की."

"फाटली तर फाटली. आईतवार हाय."

नटूनथटून तो मेंढरांच्या वाड्याचं कुंपण उघडायला गेला, तर कुत्रं त्याच्यावरच भुंकलं. मेंढरं बिचकून एका कोपऱ्यात गोळा झाली. साबणाच्या वासाचा हा पांढरा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यानं तोंडानं आवाज दिला, तरी पुढं येईनात. शेवटी सत्यभामेनं त्याचं रोजचं घोंगडं आणून खांद्यावर टाकलं, तेव्हा कुठं म्होरकी मेंढी हलली. सत्यभामा पदर तोंडाला लावून हसली. सटवाला मात्र जरा लागलंच.

डोंगरावर शेजारच्या वस्तीवरचा धुळाजी आपला कळप घेऊन आधीच आला होता. विटक्या बंडीतला धुळाजी त्याच्याकडं बघतच राहिला.

"कुनाचं लगीन हाय बे?"

"लगीन कशाचं. आईतवार हाय आज."

"मग देवाला जायचं सोडून हितं कावून आलास?"

"रामेश्वर गेला. मेंढरं कुनाच्या भरवशावर सोडू?"

धुळाजी खाली बसला. काठीनं माती उकरू लागला.

"मला तर आईतवार कवा येतो अन् कवा जातो, ठावं न्हाई. पोरीच्या लग्नात मेव्हण्यानं कापडं केली. अजून घातलीच न्हाईत. घालून दावू कुनाला, मेंढरांला?" मग पटक्याकडं बघत तो हळूच म्हणाला, "असं करू. कळप एकत्र करू. एक आईतवार तू जा, एक आईतवार मी."

दोघांची मेंढरं तशीही उताराला मिसळूनच चरत होती. सटवानं घोंगडं अंथरलं, भाकरी सोडली आणि धुळाजीला जवळ बोलावलं.

"पुढचा तुझा," तो म्हणाला. "मी आज घालून घेतली."

जेवण झाल्यावर त्यानं देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडले.

पुढच्या आईतवारी सकाळीच धुळाजी कळप घेऊन सटवाच्या दारात आला. अंगात नवा शर्ट, घड्या तशाच उमटलेल्या. सत्यभामेनं खाटेवर बसवून चहा दिला, तर चहाही तो अवघडूनच प्यायला.

"कसा दिसतो?"

सटवानं त्याच्या कॉलरमागं राहिलेली टाचणी काढली.

"चांगला दिसतोस. जा आता. लिंबाखाली निवांत बस, लई घाई करू नको."

रोजच्या बंडीतल्या सटवानं दोन्ही कळप हाकले. वळणावर थांबून त्यानं मागं पाहिलं. धूळ लागू नये म्हणून धोतराचा सोगा हातात धरून धुळाजी जपून जपून चालला होता.