माझी गुळगुळीत हनुवटी

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात रुबाबात उभा असतो तसला नव्हे, खाटेवर पडून राहणारा. नर्सिंगच्या शाळेत मुली आधी माझ्यावर हात बसवून घेतात आणि मगच खऱ्या माणसांकडे जातात.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून रबराचं अंग निघालं, काचेचे डोळे मागाहून बसले आणि पेटीत भुसा भरून मला इथं धाडण्यात आलं. तेव्हापासून किती मुलींनी मला अंघोळ घातली, सुया टोचल्या, कुशीवर वळवलं, याची गणती नाही. डाव्या दंडाची तर चाळण झाली आहे. पण मी कधी हूं की चूं केलं नाही. आमच्या शिक्षिका, म्हणजे मोठ्या बाई, नव्या मुलींना सांगायच्या, "याच्यासारखा शहाणा पेशंट शोधून सापडणार नाही." ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायचो.

मग एके वर्षी श्वास घेणारा, खोकणारा विजेचा पुतळा आला आणि सगळ्या जणी त्याच्याभोवती. माझ्या वाट्याला उरली अंघोळ आणि दाढी, कारण त्या साहेबांना पाणी चालत नव्हतं! माझ्या हनुवटीवर केस नावाला नाहीत. तरी मुली फेस लावायच्या आणि पातं काढलेला वस्तरा फिरवायच्या.

त्या मुलींत एक होती, तिला मैत्रिणी चटपट म्हणायच्या. कामाला वाघ. हात इतका हलका की वस्तरा गालावरून कधी गेला ते कळायचंही नाही. काम झालं की माझा गाल थोपटून म्हणायची, "झालं हं राजा!" माझा तिच्यावर फार जीव होता.

आमच्या खोलीचं दार पुरुषांच्या वॉर्डात उघडतं. दारालगतच्या खाटेवर एकदा एक सुतार आजोबा आले. शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "उशीर केला तर आजोबा पुन्हा पायावर उभे राहणार नाहीत." दुखणं थांबवायच्या इंजेक्शनानं आजोबा गुंगीत होते. छातीपर्यंत पांढरी दाढी, तिच्यात लाकडाचा भुसा, वर औषध सांडून झालेला चिकट गुंता. चटपटला त्यांची दया आली. "सूनबाई भेटायला येतील, त्याआधी आजोबांना कसं छान करते बघ," असं शेजारच्या मैत्रिणीला सांगत तिनं गरम पाणी आणलं. कात्री चालली, मग वस्तरा. एकही ओरखडा नाही. दारातून बघताना मला तिचा केवढा अभिमान वाटला!

आजोबांना जाग आली. हात हनुवटीकडे गेला. त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि आतून घट्ट धरून ठेवली.

सून आली. "बाबा, मी आलेय, तोंड तरी दाखवा की!" चादर हलली नाही. आतून एवढंच आलं, "मला घरी ने. कसलं ऑपरेशन नको नि सही नको."

झाला प्रकार कळला तशी ती आमच्या खोलीत येऊन रडायलाच लागली. मोठ्या बाईंना म्हणाली, "आमच्यात दाढी एकदा राखली की राखली. उतरवतात ती कुणाची, तर ज्याला चारचौघांत मान खाली घालायला लावायची त्याची. बाबांनी जन्मात कुणाचं वाईट केलं नाही हो!"

ती गेली. चटपटचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, मी चांगलंच करायला गेले होते."

"ठाऊक आहे मला. पण विचारलंस का त्यांना?"

"इथं तर आपण कधीच विचारत नाही," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, मला लाज वाटली. ज्या गप्प राहण्याची मी इतकी वर्षं फुशारकी मारली, तेच मी या पोरींना शिकवून बसलो होतो. मोठ्या बाईही खाली बसल्या. "मग चूक आधी माझी, नंतर तुझी," म्हणाल्या.

चटपट स्टूल घेऊन आजोबांपाशी बसली. "आजोबा, चुकलं माझं. दाढी मला परत लावता येत नाही." चादर आणखी घट्ट ओढली गेली. मग ती म्हणाली, "ऑपरेशनच्या खोलीत सगळेच तोंडाला मास्क बांधतात. तुम्हालाही बांधू का? ऑपरेशन होईपर्यंत कुणी काढणार नाही, डॉक्टरांना मी आत्ताच विचारून आले. चालेल का तुम्हाला?"

आणि ती थांबली. शेजारच्या खाटेवरच्याची गोळ्यांची वेळ झाली, ती मैत्रिणीनं सांभाळली. ही बसूनच. चटपटला एका जागी इतका वेळ बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी चादरीतून एक हात बाहेर आला. "आण इकडं. आणि दोरी सैल बांध, पोरी, कान दुखतो माझा."

मास्क बांधून त्यांनी सुनेला जवळ बोलावलं, सही केली. ऑपरेशन नीट झालं. काही दिवसांनी काठी टेकत ते दारापाशी आले, तेव्हा मास्क गळ्यात होता आणि हनुवटीवर पांढरे खुंट उगवले होते.

मोठ्या बाईंनी तोवर भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. कोणत्या लोकांत काय चालतं, काय चालत नाही. मुलींनी तो तोंडपाठ केला. मग सुतार आजोबांच्याच गावचे, त्यांच्याच लोकांतले दुसरे आजोबा दाखल झाले. मुली त्यांच्या दाढीकडे नुसत्या बघायलाही धजेनात. पाचव्या दिवशी ते गरजले, "अगं, इथं कुणी हजामत करतं की नाही? जीव खाल्लाय या खाजेनं!"

"पण आजोबा, तुमच्यात तर..."

"आमच्यात असेल! माझ्यात नाही!"

सगळा वॉर्ड हसला. मोठ्या बाईंनी त्याच दुपारी तक्ता उतरवला. "वाचा सगळं," त्या म्हणाल्या, "पण विचारल्याशिवाय हात लावू नका."

आता त्यांच्या जागी चटपट शिकवते. परवा एक नवी मुलगी वस्तरा घेऊन माझ्यापाशी आली. "दाढी करू का, आजोबा?" म्हणाली आणि लगेच फेस लावायला निघाली. चटपटनं तिचा हात धरला. "थांब. त्यांनी अजून हो कुठं म्हटलंय?"

मुली खुदकन हसल्या. "बाई, तो कसा बोलेल?"

"बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तरी थांब."

ती मुलगी थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मित्रांनो, मला पाहणाऱ्या पुष्कळ जणी झाल्या, माझं ऐकायला थांबलेली ही पहिलीच. मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याजवळच्या आजारी माणसाला मात्र ते देता येतं. त्याला विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.