खंडेनवमीचा हार

“विज्ञानापुढे राजा आणि रंक सारखेच,” मारोतराव साहेबांनी जाहीर केले. मग ते खुर्चीत बसले आणि गोजराबाईंना उभेच ठेवले.

मालेगाव रोडवरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत सोयाबीनमधला कीटकनाशकाचा अंश तपासला जाई. पण तीन दिवस यंत्र कोऱ्या नमुन्यातही कीटकनाशक दाखवत होते. कोरा नमुना म्हणजे नुसते द्रावक, सोयाबीनचा दाणाही नाही. साहेबांनी कारण शोधायच्या आधी गुन्हेगार शोधला. काचेची भांडी धुणाऱ्या गोजराबाई. उद्यापासून कामावर येऊ नका, अशी नोटीस टेबलावर तयार होती.

“एकोणीस वर्सं झाले,” गोजराबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला ब्रश नोटिशीवर आपटला. “माह्या हातची एक तरी बाटली घान निंघाली का? तुमी कधी मोरीत येऊन पाह्यलं?”

“बाई, यंत्र खोटं बोलत नाही.”

“मंग त्यालेच इचारा ना. मले कायले इचारता?”

केमिस्ट ज्योत्स्नाने खरेच यंत्राला विचारले. गोजराबाईंचा हात न लागलेली नवी बाटली घेऊन तिने द्रावकाच्या मोठ्या बाटलीच्या तोटीतून द्रावक भरले आणि तपासले. कीटकनाशक होतेच.

“बाई सुटल्या,” ती म्हणाली.

मग तिने तेच द्रावक तोटी टाळून मोठ्या बाटलीच्या आतून काचनळीने घेतले. स्वच्छ. म्हणजे दोष मोठ्या बाटलीच्या तोटीत. तोटीला खंडेनवमीचा झेंडूचा हार गुंडाळलेला. यंत्रपूजा साहेबांनी स्वतः केली होती, आणि हार आपोआप गळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा हुकूमही त्यांचाच. द्रावकाचा प्रत्येक थेंब झेंडूला आंघोळ घालून खाली येत होता.

“साहेब, फुलं कुठची?”

“आसेगावची. आमच्याच शेतातली.”

“फवारा मारला होता?”

साहेबांनी चष्मा पुसला. “अळी होती. तोडायच्या आदल्या दिवशीच.”

“म्हंजे फूल तुमचं, औषध तुमचं, हुकूम तुमचा,” गोजराबाई म्हणाल्या, “अन् हात तेवढे माहे खराब. वा रे न्याव.”

साहेबांनी नोटीस फाडली. माफी मोजायचे यंत्र प्रयोगशाळेत नव्हते, त्यामुळे ती मागितली गेली नाही. अहवालात ‘तांत्रिक कारण’ असे लिहायचे ठरले.

“तुमच्यासारखं स्वच्छ कोणी धूत नाही, हे मी नेहमीच म्हणतो,” ते म्हणाले आणि टेबलाखालून पिशवी काढली. “तेवढा माझा जेवणाचा डबा विसळून देता का?”