कस्तुराक्काचा डावा हात

आनेकलच्या कस्तुराक्काकडं गेल्या महिन्यात लग्नाचा चुडा भरायला गेलो, तर तिनं मला दारातच अडवलं.

"परसू, आज माझ्या दोन्ही हातांत भरायच्या. डाव्यात पण."

"डाव्यात? अक्का, डॉक्टर नको म्हणाला होता न्हवं?"

"डॉक्टर काय लग्नाला येणार नाही. वरमाय आत बसलीय. आणि तू स्वल्प आवाज कमी कर."

आता तुम्हाला सांगतो काय भानगड होती. मी कासार. चिकपेटेच्या बाजारात एका बोळात आमचं बांगड्यांचं दुकान हाय. मूळचा निपाणीकडचा, पण इथं कानडी शहरात येऊन केस पिकले. मराठी घरात लगीन निघालं की चुडा भरायला मलाच बोलावत्यात. कोरमंगलाच्या पोरी मोबाईलवर भाव दाखवून हुज्जत घालत्यात, ते सोडा. बांगडी मोबाईलवर मिळती, हातात चढवायला माणूस लागतोय.

तर ह्या अक्काला आठ वर्षांमागं छातीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमोची सलाईनं, मग मशीनचा शेक. बरी झाली. पण गाठी काढल्यापास्नं डावा हात सुजतोय. सकाळी बरा असतोय, दिवस चढला की फुगतोय. डॉक्टरनं सांगितलंय, हा हात आता जन्मभर जपायचा. आवळ काही घालायचं न्हाई, त्यात सुई टोचायची न्हाई, खरचटू द्यायचं न्हाई, न्हाईतर ताप येऊन दवाखाना गाठायचा. म्हणून सणावाराला ती माझ्याकडनं उजवाच हात भरून घ्यायची.

पण आज चुडा होता. आणि वराकडच्यांना अक्कानं कॅन्सरचं सांगितलेलं नव्हतं. अक्काला वाटायचं, आईचं कळलं की म्हणतील, उद्या पोरीलाही होईल, नको ही सोयरीक. नवरीच्या आईचा एक हात मोकळा दिसला की बायका विचारणारच. म्हणून हा सगळा खटाटोप.

मी आत जाऊन बसलो. आधी अक्षराच्या, म्हणजे नवरीच्या, हातांत चुडा भरला. पोरगी व्हाइटफील्डला कंपनीत, नवरा विराज तिथलाच. समोर विराजची आई सोयराबाई, पदर सावरून, बारीक नजरेची. बाजूला अक्काची नणंद कमलाबाई. ही बाई बसल्या जागेवरनं आख्खं लगीन चालवती.

"आता आईच्या भरा," कमलाबाई म्हणाली. "दोन्ही हात, हं."

अक्कानं डावा हात पुढं केला. मी हातात घेतला तर गुबगुबीत, बोट दाबलं की खळगा तसाच ऱ्हातोय. मी अक्काकडं बघितलं. ती सोयराबाईकडं बघून हसत होती.

"अक्का, थोरल्या मापाची घालतो."

"घाल की. गप्पा काय मारतोस."

थोरल्या मापाची काढली, चढवली. गेली बघा अलगद. मलाच बरं वाटलं. दुसरी घ्यायला वाकलो तोवर अक्काचं हसू थांबलं. जेवायची वेळ होत आलेली, सकाळपास्नं हात खाली सोडून ती घरभर पळत होती. बांगडी मनगटाच्या वर जाऊन बसली आणि तिथंच अडकली. कातडी काचेच्या दोन्ही अंगानं वर आली.

"काढ," अक्का हळूच म्हणाली.

तेल लावलं, साबण लावला. हालंना. जोर करावा तर काच तुटून कातडीत घुसणार, आणि त्या हातावर एक ओरखडा म्हणजे केवढं मोठं दुखणं ते मला ठाऊक होतं.

"वाढवावी लागंल," मी म्हटलं. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत न्हाई, वाढवली म्हणतो.

कमलाबाईनं कपाळाला हात लावला. "चुड्याची पहिली बांगडी? नवऱ्यासमोर? हे काय बोलणं झालं, परसू?"

अक्काचा नवरा, आमचा कृष्णमूर्ती अण्णा, दारात उभा होता. तो म्हणाला, "मला काय होत नाही. तिचा हात बघ आधी."

"अण्णा, तुला कळत नाही," कमलाबाई म्हणाली. "साबण लाव अजून. सरी होईल, नीट निघेल."

"सरी नाही व्हायचं," अक्षरा उठून आली. "आई, बस झालं. परसूमामा, वाढवा."

मी अण्णाच्या रुमालाचा पातळ पदर कसाबसा बांगडीखाली सारला, बाकीचा हाताखाली पसरला. आमच्या पेटीत बारकी पक्कड असती, तिनं काच धरली. हळूच दाबली. टच आवाज झाला, तुकडे रुमालात पडले. हात उलटापालटा करून बघितला. लाल वळ होता, पण रक्त न्हाई.

अक्का मान खाली घालून बसलेली. आता सोयराबाई विचारणार, आणि हिला सांगावं लागणार.

सोयराबाई म्हणाली, "विहीणबाई, ती बाही कुठाय तुमची?"

"कसली बाही?"

"दाबून धरणारी. सूज उतरायला घालता ना रोज. अक्षरा सांगत होती, उन्हाळ्यात टोचते म्हणून तुम्ही चुकवता."

अक्कानं लेकीकडं बघितलं. "तू सांगितलंस?"

"पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हाच," अक्षरा म्हणाली. "आईची तपासणी दरवर्षी असते आणि त्या दिवशी मी सुट्टी घेते, लग्नानंतर पण घेणार, असं सांगितलं. माझीही तपासणी वेळेवर करणार, तेही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" अक्कानं सोयराबाईंना विचारलं.

"मी म्हटलं, मुलगी आईला दवाखान्यात नेते म्हणजे उद्या मलाही नेईल. माझे गुडघे बघताय ना? माझा स्वार्थ आहे त्यात."

दारातनं अण्णा हसला. अक्काला आधी रागच आला. "मग सोयरीक ठरल्यापासून सहा महिने मला का नाचवलंत? लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवले मी, एवढ्या उकाड्यात."

"तुम्ही काढत नव्हता विषय. मला वाटलं, बाईला बोलायचं नसेल. अक्षरालाही मीच म्हटलं, आई आपणहून बोलेल तेव्हा बोलू दे."

अक्षरानं आतनं ती बाही आणली. कातडीच्या रंगाची, मोज्यासारखी. अक्कानं सगळ्यांसमोर हात पुढं केला आणि लेकीनं बोटांकडनं दंडापर्यंत चढवली. सोयराबाई वाकून बघत होती. "रात्री काढायची का? धुवायची कशी?" अक्का सांगत होती. हाडं ठिसूळ झाल्यात त्याची गोळी, हृदयाचा फोटो काढावा लागतोय ते, सगळं सांगत सुटली. सहा महिन्यांचं साठलेलं होतं.

कमलाबाईला मात्र चैन न्हाई. "ते सगळं बरोबर. पण एका हाताचा चुडा कुणी बघितलाय का?"

"आता बघा," अक्का म्हणाली. "वन्सं, हा हात सुजतो, पण आहे. मी आहे, म्हणून लेकीचं लगीन बघतेय. परसू, उजवा भर. पार कोपरापर्यंत. आणि सैल नको, नीट बसती भर."

मी उजवा हात घेतला. हडकुळा, ओळखीचा, लगेच ढिला पडला. एकेक हिरवी बांगडी चढत गेली. अक्का सोयराबाईंशी बोलतच होती, मधेच म्हणाली, "परसू, जेवून जा. पुरणपोळी आहे. अण्णाला दोनच वाढा, त्याला साखर निघालीय."

"माझं कशाला सांगतेस सगळ्यांना?" अण्णा म्हणाला.

"आता ह्या घरात काय लपवायचं नाही," अक्का म्हणाली, आणि हात माझ्याकडं अजून पुढं सरकवला.