लाल दिव्यावरची टिकली

मित्रांनो, मी एक जुने साउंड कार्ड आहे. साबणाच्या डबीएवढा आकार, राखाडी रंग आणि कपाळावर मरून रंगाची एक टिकली. माइकमधला आवाज संगणकाला समजेल असा करून देणे, हे माझे काम.

पहिल्या घरी माझे फार कौतुक झाले. पुढे तिथे नवे कार्ड आले आणि मी अकोल्यात रऊफभाईंच्या दुकानात, जुन्या वस्तूंच्या कपाटात धूळ खात पडले.

एका सकाळी बार्शीटाकळीहून पौर्णिमा आली. पाठीवर लॅपटॉप, पिशवीत माइक. तिचे बाबा खुशालराव खंजिरीवर भजने म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांना गळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला दाखल व्हायचे होते. नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते.

रऊफभाईंनी रंगीत दिव्यांचे नवे कार्ड पुढे केले. "हे घे बेटा. बटन दाबलं की टाळ्या वाजतात."

"टाळ्या वाजवाले लय जन हायेत चाचा घरी. मले बाबाचा आवाज पायजे."

तिने माइक लावला, हेडफोन चढवले आणि गप्प बसून ऐकले. नव्या कार्डात पंपासारखी घरघर होती. दुसऱ्या, पेनड्राइव्हएवढ्या स्वस्त कार्डात सूं आवाज. मग माझी पाळी आली. माझ्यात ना घरघर, ना सूं; काहीच ऐकू आले नाही. म्हणून तिने मला घेतले.

दुपारी घरी, आवाज नको म्हणून, कुलर बंद केला. कुणी हाक मारू नये म्हणून पौर्णिमा दाराबाहेर बसली. आत खुशालराव, खंजिरी आणि मी. पहिल्याच थापेला माझा दिवा लाल झाला. आवाज मला पेलवेनासा झाला की मी लाल होते. तेवढीच माझी भाषा. पण खुशालरावांची नजर माझ्यावरच होती. दिवा विझला की ते आणखी जोर लावत. मी लाल होत राहिले, ते ओरडत राहिले. थांबवायला मला तोंड कुठे होते?

पौर्णिमाने ऐकले तेव्हा सगळे भजन फाटलेले होते.

"बाबा, एवढ्या जोरात काहून गायले?"

खुशालरावांचा घसा बसला होता. "लाल लाइट गेली का मले वाटे, रेकार्डिंग बंद पडलं. आपल्या टेपवर लाल असली म्हंजे चालू राहे ना वं."

तिने त्यांना गरम पाणी दिले, तासभर बोलू दिले नाही. माझे आवाजाचे बटण खाली फिरवले, खंजिरी माइकपासून लांब धरायला सांगितली. मग स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून माझ्या दिव्यावर लावली.

"आता याच्याकडे नका पाहू. माह्याकडे पाहून म्हना."

या वेळी ती समोर बसली. बसलेल्या आवाजात, हळू, खुशालराव एकच भजन गायले. दुसऱ्याला घसा उरला नाही.

ऑपरेशननंतर आता ते कुजबुजल्यासारखे बोलतात. संध्याकाळी तेच भजन लावतात आणि खंजिरीवर नुसती बोटे टेकवतात. मला पुसायला आले, तर टिकलीच्या कडेने पुसतात.

मित्रांनो, माझी वायर ओढू नका, मला धुळीत टाकू नका. आणि घरातले कुणी गात असेल, तर माझ्या दिव्याकडे नंतर पाहा. आधी त्यांच्यासमोर बसा.