रस्त्याखालची मोरी

“सुट्टीच्या दिवशी लोक बागेत जातात, तू मला झुडपात आणलंस,” रस्त्याकडेच्या दगडावर बसकण मारत सासूबाई म्हणाल्या. गुडघा ठणकत होता, तरी घरी एकटीनं बसायचं नाही म्हणून त्या हट्टानं सोबत आल्या होत्या. हातातल्या काठीनं रस्त्याच्या उतारावरची झुडपं बाजूला सारत सून पुढे सरकत राहिली.

बोलणं तिला हल्ली जमतच नव्हतं. चार वर्षांपूर्वी नवरा गेला आणि तिचा आवाज जो खाली गेला, तो पुन्हा वर आला नाही. सासूबाईंनी टुमणं लावलं म्हणून ती संगणकावर नकाशे काढायला शिकली आणि पाणी खात्यात सहा महिन्यांच्या बोलीवर लागली. कचेरीत तिला सगळे ‘नव्या बाई’ म्हणत, आणि म्हणणारे निम्मे तिच्या भाच्यांच्या वयाचे. मुदत या आठवड्यात संपत होती. तिला पुढे ठेवायचं की नाही, ते तिच्या पहिल्या स्वतंत्र नकाशावर ठरायचं होतं.

नकाशा एका ओढ्याच्या पाणलोटाचा होता. ओढ्याकाठच्या वस्तीत दर पावसाळ्यात घराघरांत पाणी शिरायचं. तिथे नवा नाला बांधायचा, तर त्या ओढ्यात कुठवरचं पाणी येतं हे आधी कळायला हवं. उपग्रहानं मोजलेल्या उंचीचे बारीक चौकोन संगणकात असतात. त्यात मोजणीच्या चुकीनं दिसणारे खोटे खड्डे आधी बुजवायचे. मग प्रत्येक चौकोन आपलं पाणी सगळ्यात सखल शेजाऱ्याला देतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. शेवटी ओढ्यावर एक ठिपका ठेवला, की तिथवर पाणी पाठवणारी सगळी जमीन हिरवी होऊन समोर येते. माणसांपेक्षा चौकोन बरे, निदान सांगितल्यासारखे वागतात, असं तिला वाटायचं.

पण तिची हिरवी जमीन एका बाजूला पट्टीनं आखल्यासारखी सरळ कापलेली निघाली. इथेच घोडं पेंड खात होतं. पाणलोट असा सरळ रेघेत कधी संपतो का? त्या जागी मोठ्या रस्त्याचा उंच भराव होता. संगणकानं त्याला बांध समजून पलीकडच्या टेकडीचं सगळं पाणी भलत्याच ओढ्याच्या पदरात टाकलं होतं. उपग्रह बघतो वरून. रस्त्याच्या पोटातून पाणी जायला मोरी ठेवलेली असली, तर ती त्याला दिसायची कशी? आणि असलीच, तर टेकडीचं पाणी नव्या नाल्यात मावणार नव्हतं आणि वस्ती पुन्हा बुडणार होती.

तिनं साहेबांना दबकत तसं सुचवलं होतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की जुन्या कागदांत तिथे मोरी नाही, कामाला आधीच उशीर झालाय, आता नवे फाटे फोडू नका. ती “बरं” म्हणून जागेवर येऊन बसली होती. मन मात्र बसेना.

ऊन चांगलं चढलं तेव्हा काठी एका झुडपातून आत गेली आणि कशालाच टेकली नाही. तिनं काट्यांत हात घालून फांद्या ओढल्या. मागे सिमेंटच्या नळाचं तोंड होतं, मातीनं अर्धं भरलेलं. आत मिट्ट काळोख. पण नळ आरपार होता की मध्येच बुजलेला, हे कळायला मार्ग नव्हता.

सासूबाईंनी विचारलं, तिनं सांगितलं. त्या उठल्या आणि ती नको नको म्हणत असताना रस्ता ओलांडून, झाडं धरत धरत पलीकडे नळाचं दुसरं तोंड शोधायला उतरल्या.

सुनेनं नळाला तोंड लावून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग तिनं होतं नव्हतं ते बळ एकवटून “आई!” म्हणून अशी आरोळी ठोकली, की वरच्या झाडातले पक्षी उडाले.

“आलं ऐकू,” नळातून आवाज आला, अगदी कानाशी. मग त्याच काळोखातून सासूबाई बोलल्या, “तो गेल्यापासून घरात तुझं पाऊलसुद्धा वाजत नाही गं. मुलगा गेला, निदान सून तरी आहे ना, ते बघायला मला स्वयंपाकघरात डोकवावं लागतं.”

समोरासमोर त्यांनी हे जन्मात बोलून दाखवलं नसतं. सून मातीत गुडघे टेकून बसली होती आणि तिचे डोळे वाहत होते.

“आहे, आई,” ती नळात म्हणाली. “मी आहे.”

“मग उद्या त्या साहेबासमोर पण अशीच बोल. आणि आता मला वर काढ, गुडघ्यानं असहकार पुकारलाय.”

दुसऱ्या दिवशी साहेब नकाशावर सही करायला पेन शोधत होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

“नकाशा चुकलाय, साहेब. मी काढलाय, म्हणून मीच सांगते. रस्त्याखाली मोरी आहे आणि ती आरपार आहे. मी तिच्यात ओरडून आलेय.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब खुर्ची सोडून तिच्या टेबलापाशी आले. तिनं भरावातले मोरीच्या जागचे चार चौकोन खाली उतरवले, पाण्याला वाट दिली आणि गणित पुन्हा चालवलं. हिरवा रंग रस्ता ओलांडून थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत गेला. पाणलोट जवळजवळ दुप्पट झाला होता.

साहेबांनी तिथूनच फोन लावला. नाल्याचं काम थांबवा म्हणाले, रुंदी वाढवावी लागेल. जाता जाता, मागे न बघता, त्यांनी तिला पुढच्या आठवड्यात शेजारचा ओढा घ्यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिची मुदत संपलेली असणार होती. हे दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी ती घराच्या जिन्यापाशी आली. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. रोज ती पायातल्या चपला हातात घेऊन वर चढायची आणि कडीचा आवाजही न होऊ देता आत शिरायची. आज ती खालीच थांबली आणि तिनं हाक मारली, “आई, दार उघडा!”

शेजारच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली. वर खुर्ची सरकली.

“आले गं, आले,” सासूबाई म्हणाल्या, त्याही चांगल्या मोठ्यानं.