नागुबाईचा उजवा हात

सुदर्शनला एक खोड होती, लहानपणापासूनची. दुसऱ्याच्या वतीनं बोलायची. निलंग्याच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत हा म्हणणार, "कुकर ना? या, या, मोठा दाखवतो." बाई बिचारी चहाचं पातेलं घ्यायला आलेली असायची आणि कुकर घेऊन घरी जायची. धंद्यात ही खोड खपून गेली. दवाखान्यात खपली नाही.

त्याची माय नागुबाई. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. अर्ध्या निलंग्याची पोरं तिच्या पसरलेल्या पायांवर पालथी पडून न्हालेली. पीळदार मिशांचा पोलीस जरी रस्त्यात भेटला तरी ती म्हणायची, "लई किरकिरा होतास रे तू." पोलीस लाजून बाजूला सरकायचा. सगळ्या गावाची लेकरं झाली, पण घरचं लेकरू काही पायावर येईना. सुदर्शन आणि उज्वलाच्या लग्नाला दहा वर्षं उलटून गेली होती. नागुबाई सुनेला कधी टोचून बोलली नाही, पण दुसऱ्याच्या घरून पाणी घालून आली की स्वतःच्या रिकाम्या पायांवरून हात फिरवत बसायची.

आणि मग, ज्या महिन्यात उज्वलाला दिवस गेले त्याच महिन्यात नागुबाईच्या डाव्या छातीत गाठ सापडली. आता याला काय म्हणावं! लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. सुदर्शननं तिला सांगितलं, साधी गाठ होती, गेली. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, कॅन्सर आहे, आता शिरेतून किमो द्यावी लागेल.

किमोच्या आधी रेणुका सिस्टरनं दोघांना आत बोलावलं. ही हदगावकडची पोरगी, बोलायला मऊ पण कामाला खमकी. सुदर्शन मायला बाकावर बसवून एकटाच आत गेला.

"आजी कुठायत?" तिनं विचारलं.

"मी हाय की. मला सांगा, मी सांगतो तिला."

रेणुकाला ते आवडलं नाही, तरी तिनं सांगितलं. उलट्या होतील, केस जातील, तोंड येईल. मधल्या दिवसांत अंगातली झुंजायची ताकद कमी होते, तेव्हा ताप आला तर गावातल्या डॉक्टरकडं सुई घेऊन थांबू नका, सरळ इकडं आणा. औषध दिल्यावर दोन दिवस त्यांचे कपडे धुताना हातमोजे घाला, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिला हात लावू देऊ नका. शेवटी ती खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "आणि हे नीट ऐका. औषध जाताना सुईजवळ जळलं, चुरचुरलं, टोचलं, तर त्याच क्षणी मला हाक मारायची. हे लाल औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जाळत जातं. मला डोळ्यांनी दिसायच्या आधी ते त्यांना जाणवणार. म्हणून हे तुम्ही ऐकून उपयोग नाही, त्यांना माहीत पाहिजे."

"हाव, सांगतो," सुदर्शन म्हणाला.

सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे रोगाचं नाव आलं, आणि त्या नावाची त्याला दहशत बसली होती. शेजारच्या वीरण्णाला हाच रोग झालेला. पोरांनी त्याला खरं सांगितलं, तर त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि ताट ढकलून दिलं. पुढं तो फार दिवस राहिला नाही. माय अशी भिंतीकडं तोंड करून पडलेली सुदर्शनच्या डोळ्यापुढं यायची. भीती खरी होती हो, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "काही न्हाई माय, ताकदीचं सलाईन हाय."

नागुबाईला पटायला काय हरकत? आपल्याकडं जरा कमजोरी आली की माणूस स्वतःच डॉक्टरला म्हणतो, एक सलाईन लावा साहेब. पहिल्या खेपेला सगळं सुरळीत गेलं. घरी आल्यावर उलट्या झाल्या. तिची लुगडी सुदर्शननं हातमोजे घालून स्वतः धुतली, उज्वलाला जवळ फिरकू दिलं नाही. बघा, सिस्टरचं तेवढं त्याला अगदी तोंडपाठ होतं. मग केस गेले. नागुबाईनं टक्कल चाचपून विचारलं, "असली कसली रे ही ताकद?"

"गरम असतंय ते औषध," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला सुई उजव्या हाताच्या पाठीवर लागली. डाव्या बाजूचं ऑपरेशन, म्हणून तो हात वापरायचा नव्हता. लाल रंग बघून माय घाबरेल म्हणून सुदर्शननं बाटलीवर टॉवेल टाकला. रेणुकानं तो लगेच काढला. औषध सुरू करून ती शेजारीच उभी राहिली. "आजी, जळतंय का?"

नागुबाईचे ओठ हलायच्या आत सुदर्शन बोलला. "न्हाई, न्हाई. आमची माय लई सोशिक हाय."

"त्यांना बोलू द्या ना," रेणुका म्हणाली.

नागुबाईनं लेकाकडं पाहिलं. "न्हाई बाई," ती म्हणाली. तेव्हा खरंच जळत नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या बाईला भडभडून उलटी झाली. "काही वाटलं तर ओरडा," म्हणत रेणुका तिकडं धावली.

"सुद्या," जरा वेळानं नागुबाई हळूच म्हणाली, "चुरचुरून राहिलंय रे."

"ताकदीचं हाय माय. थोडं लागणारच. ती बघ बिचारी किती कामात हाय, सारखं काय बोलवायचं?"

मायनं हातावर पदर ओढून घेतला. तिच्या पायाची बोटं आत वळली होती, ओठ घट्ट मिटले होते. सुदर्शनला ते दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं तो आजही म्हणत नाही. त्याला उलट अभिमान वाटला, की बाजूची बाई केवढा गोंधळ घालतेय आणि आपली माय बघा!

रेणुका परतली, तिनं पदर उचलला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. हात टम्म सुजला होता. औषध तिथंच बंद झालं, सिरिंजनं जेवढं मागं ओढता आलं तेवढं ओढलं, बर्फ आला, डॉक्टर पळत आले.

"आजी, कधीपासून जळतंय?"

"मघापासून."

"अहो, मग ओरडला का नाही?"

"ताकदीचं हाय म्हणला ना पोरगा," नागुबाई म्हणाली. "थोडं लागणारच, म्हणला."

रेणुकानं सुदर्शनकडं पाहिलं. ती शिव्या देईल म्हणून तो वाट बघत राहिला. ती नुसता बर्फ धरून बसली. त्यापेक्षा चार लोकांत कानाखाली दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढं हाताची कातडी काळी पडली, जखम झाली. मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागली. जखम भरली, पण बोटं आखडली ती आखडलीच. मूठ वळेना, की तळवा सरळ होईना. त्याच दिवसांत एकदा रेणुका पट्टी बदलायला आली तेव्हा नागुबाईनं विचारलं, "बाई, हे कसलं सलाईन हाय?"

"माय, ते..."

"सुद्या, तू गप. बाई, तू सांग."

रेणुकानं सांगितलं. रोगाचं नाव घेऊन, शांतपणे. सुदर्शन मायचं तोंड भिंतीकडं वळतंय का बघत राहिला. नागुबाईनं पट्टीतला हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "बरं. आता पुढं काय काय होतं ते समदं सांग. एक बी गोष्ट ठेवू नको."

संध्याकाळी तिनं भाकर मागून घेतली आणि सगळी खाल्ली. वीरण्णा वीरण्णा होता आणि नागुबाई नागुबाई होती. जन्मभर तिच्या घरात राहून लेकाला एवढं कळलं नव्हतं, आणि तिला विचारावं असंही कधी वाटलं नव्हतं.

राहिलेली औषधं गळ्याखाली कातडीच्या आत बसवलेल्या नळीतून गेली. नागुबाई आता प्रत्येक बाटलीला विचारायची, ही कशाची, हिनं काय होतं. एकदा अंगात कसकस वाटली, तर सुदर्शनच्या आधी तिनंच चप्पल घातली, चल लातूरला. वॉर्डात नवी बाई आली की तिला सांगायची, "जळलं की ओरड गं. लाजू नको. आणि लेक जवळ बसला असंल तर आधी त्याला बाहेर काढ." सगळा वॉर्ड हसायचा. सुदर्शनही हसायचा, काय करणार!

औषधं संपली. डॉक्टर म्हणाले, आता तपासणीला येत राहा. पुढं उज्वलाला मुलगी झाली.

पहिल्या अंघोळीला नागुबाईनं न्हाणीघरात पाट मांडला, पाय पसरले, लेकराला पायावर घेतलं. नुसता तेलाचा हात फिरवायचा होता. उजव्या हातानं लेकरू धरलं आणि ते निसटलं. डाव्या हातानं तिनं झटकन सावरलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा तिनं धरलंच नाही. दारात उभ्या सुदर्शनला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी.

"ये," ती म्हणाली. "बस पाटावर."

"मी?"

"मग काय पोलिसाला बोलावू? पँट वर कर."

तो बसला. केवढासा जीव तो, त्याच्या नडग्यांवर पालथा पडून हातपाय मारायला लागला. नागुबाई बाजूला उकिडवी बसली. तेल कसं लावायचं, मान कुठं धरायची, ती सांगत गेली आणि तो करत गेला.

"आता पाणी. बघ, कसं हाय?"

"बरं हाय," सुदर्शन म्हणाला आणि त्यानं तांब्या उचलला.

"हात घालून बघितलास?"

त्यानं घातला नव्हता. आत्ता घातला आणि चटका बसून मागं घेतला. नागुबाईनं डाव्या हातानं गार पाण्याचं विसण घातलं, ढवळलं, पुन्हा त्याला हात घालायला लावला.

"लेकराला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "म्हणून आपण हात घालून बघायचं असतंय." ती त्या आखडलेल्या हाताकडं बघत होती. "मला तर बोलता येत होतं रे, सुद्या."

त्यानं तांब्या खाली ठेवला. "चुकलं माय माझं."

"हाव, चुकलं," नागुबाई म्हणाली. "घाल पाणी. गारठलं ते."

पाठीवर पाण्याची पहिली धार पडली तशी पोरीनं टाहो फोडला. सुदर्शनच्या ओठांवर आलं होतं, काही न्हाई, काही न्हाई. त्यानं ते गिळलं, आणि पुन्हा एकदा पाण्यात हात घालून बघितला.